बडोद्याच्या वाटणीचा समुद्र

आमच्या बडोद्यातल्या मराठी घरांत समुद्र म्हटला की मुरूड, हर्णै, गणपतीपुळे. दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात पाच-सहा पिढ्या काढलेली माणसंसुद्धा मे महिना जवळ आला की कोकणची तिकिटं बघायला लागतात. नारळीपौर्णिमेला नारळ वाहायचा तो सूरसागर तलावात, आणि मनात मात्र समुद्र असतो रत्नागिरीचा. खरं तर पादरा-जंबुसरच्या रस्त्याने पश्चिमेला निघालं, तर दोन तासांच्या आत खंभातचं आखात लागतं. पण त्याला समुद्र म्हणायला कुणी तयार नसतं. पाणी गढूळ, वाळू नाही, नारळ-पोफळी नाहीत, आणि ओहोटीला तर पाणीच दिसत नाही. नजर पोहोचेल तिथवर करडा चिखल. आत्या एकदाच आली होती आमच्याबरोबर. "हा कसला रे समुद्र? हे तर शेत आहे पावसातलं," म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

मला मात्र हा चिखलाचा समुद्र फार आवडतो, आणि तो आपला आहे असं वाटतं. आपल्या गावातून वाहणारी विश्वामित्री पावागढावरून निघते, ढाढरला मिळते आणि ढाढर या आखाताला. कमाटीबागेच्या पुलावरून आपण जे पाणी बघतो, ते इथेच येतं. आजवा तलावाचं, सूर्या नदीचं पाणीसुद्धा शेवटी इथेच. मुरूडच्या समुद्राशी आपलं पाहुण्याचं नातं. या समुद्रात आपल्या घरचं पाणी आहे.

आधी त्याची भरती सांगायला हवी. या आखाताचा सगळा स्वभाव तिच्यात आहे. नकाशात पाहिलं तर आखात नरसाळ्यासारखं दिसतं. दक्षिणेला तोंड रुंद आणि उत्तरेला, साबरमती-माहीच्या मुखांकडे, निमुळतं. तळ उथळ. अरबी समुद्रातून आत शिरलेल्या भरतीच्या पाण्याला पुढे जागा कमी कमी होत जाते, मग ते वर चढतं. मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी पाचेक मीटर चढतं. भावनगरच्या बाजूला ते दहा मीटरच्याही वर जातं. भारताच्या किनाऱ्यावर याहून मोठी भरती कुठेच नाही. भावनगर बंदरात ओहोटीला जहाजं चिखलात बसू नयेत म्हणून धक्क्यातलं पाणी दरवाजे लावून अडवून धरावं लागतं. आणि त्याच किनाऱ्यावर खाली अलंगला बरोबर उलटं करतात. उधाणाच्या पाण्यावर जुनी जहाजं सरळ किनाऱ्यावर चढवतात, पाणी उतरलं की ती जागेवरच बसतात आणि मग कामगार ती तोडायला घेतात. १९८३ पासून हा धंदा तिथे चालला आहे, तो निव्वळ या भरतीच्या जिवावर.

बडोदेकरांना ही भरती जवळून बघायची असेल तर कावी-कंबोईला जावं. माहीच्या मुखाशी स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ आहे. दिवसातून दोनदा शिवलिंग पाण्याखाली जातं आणि दोनदा वर येतं. तिथीप्रमाणे भरतीच्या वेळा तिथे सांगतात, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती. दररोजची वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. दर्शनाला आलेले लोक सहसा देवाकडे बघतात. मी एका अमावास्येला दर्शन आटोपून कठड्याला टेकून खालच्या चिखलाकडे बघत राहिलो.

ओहोटीच्या त्या ओल्या चिखलावर निवट्या होत्या. गुजरातीत त्यांना लेवटा म्हणतात. बोटभर लांबीचा मासा, डोळे डोक्याच्या वर बसवलेले, पुढचे दोन पर कोपरासारखे टेकवत चिखलावरून सरकणारा. एक निवटी बिळाच्या तोंडाशी थांबली होती. थोड्या वेळाने ती बाजूच्या डबक्यात एका कुशीवर लोळली, मग दुसऱ्या कुशीवर लोळली. ती कातडीतूनही श्वास घेते, म्हणून अंग ओलं ठेवावंच लागतं. दुसरा नर जवळ आला तसा पहिल्याने पाठीवरचा पर ताडकन उभा केला आणि जागच्या जागी उडी मारली. दुसरा मागे सरला. हातभर जागेचं भांडण होतं ते. तेवढ्यात दूरवर पांढरी रेघ दिसली आणि बघता बघता चिखलातल्या बारीक पन्हळींतून पाणी उलटं, वरच्या बाजूला धावायला लागलं. निवट्या बिळांत गेल्या. पुजाऱ्यांनी सगळ्यांना वर यायला सांगितलं. काही वेळाने जिथे भांडण चाललं होतं, तिथे पुरुषभर पाणी होतं.

या पाण्याची धास्ती जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडून येणाऱ्या कुणा ग्रीक भाषा जाणणाऱ्या व्यापाऱ्याने लिहिलेला 'पेरिप्लस' हा प्रवासी दस्तऐवज आहे. त्यात बॅरिगाझा म्हणजे आपल्या भरूचच्या बंदरात शिरणं किती कठीण आहे, ते त्याने अगदी कळकळीने लिहिलं आहे. समुद्राचा तळ अचानक उघडा पडतो, आणि काही वेळापूर्वी कोरडी असलेली जमीन पाण्याखाली जाते. अमावास्येला, विशेषतः रात्रीच्या भरतीला, पाणी असं येतं की दुरून सैन्याच्या आरोळ्या ऐकू याव्यात. नांगर टिकत नाही, जहाजं आडवी होतात. म्हणून राजाच्या चाकरीतले इथले कोळी मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, परदेशी जहाजांना दोर बांधून भरतीबरोबर नदीत ओढून आणत, ओहोटी लागली की ठरलेल्या खोल जागी थांबवत. या वाटाड्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. रोमची दारू, तांबं, कथील, पोवळं आत आलं आणि हस्तिदंत, पिंपळी, अकीक, सुती कापड बाहेर गेलं, ते त्यांच्या चिखलाच्या ज्ञानावर.

त्यानंतर सुमारे आठशे वर्षांनी, ९१५ च्या आसपास, बगदादचा अल-मसूदी खंभातला आला. त्याने तर एका कुत्र्याची गोष्ट लिहून ठेवली आहे. उघड्या पडलेल्या वाळूवर एक कुत्रं होतं. भरतीची लाट आली, ते जीव खाऊन किनाऱ्याकडे पळालं आणि पाण्याने त्याला गाठलंच. हजार वर्षांपूर्वीचा इतका मोठा विद्वान, राजांच्या वंशावळी लिहिणारा, त्या एका कुत्र्याला विसरू शकला नाही. मला त्याच्या सगळ्या ग्रंथात ही जागा सर्वांत खरी वाटते.

या व्यापारात बडोद्याचा काय संबंध, असं विचाराल, तर अकोट्याला जा. आज तिथे फ्लॅट आहेत, मोठा पूल आहे, रहदारी आहे. विश्वामित्रीच्या काठचं हेच जुनं अंकोट्टक. १९५१ मध्ये इथे जैन कांस्यमूर्तींचा साठा सापडला. त्यातली जीवंतस्वामींची, म्हणजे संन्यासाआधीच्या राजवेशातल्या महावीरांची मूर्ती इसवी सनाच्या सहाव्या शतकातली आहे, आणि तिचा झिजलेला चेहराही माणसाला थांबवतो. त्याच अकोट्याच्या मातीतून रोमन घडणीची एक कांस्याची मूठ निघाली, तिच्यावर पंखवाला बाळ इरॉस आहे. भूमध्य समुद्राकाठच्या कारागिराने ओतलेली वस्तू, भरूचच्या वाटाड्यांच्या हातून भरतीवर स्वार होऊन आली आणि आपल्या अकोट्याच्या कुणा घरात पोहोचली. ढाढरच्या मुखाशी गंधार नावाचं बंदरही होतं. इब्न बतूता चौदाव्या शतकात दिल्लीच्या सुलतानाचा दूत म्हणून चीनला निघाला, तो खंभातहून या गंधारला येऊन इथूनच जहाजात चढला. गंधारचं नाव आज निघतं ते तेल आणि वायूच्या विहिरींमुळे. बंदर गाळाने भरून गेलं. खंभातचंही तेच झालं. जी भरती जहाज आत आणते तीच गाळही आणते, आणि गाळ परत जात नाही.

कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये लहानपणी आपण सगळे गेलेलो आहोत, आणि सगळ्यांना आठवतो तो देवमाशाचा सांगाडा. निळ्या देवमाशाचं पिल्लू ते, पण लांबी सुमारे २२ मीटर. १९४४ मध्ये माहीच्या मुखाशी ते वाहून आलं. कुणी म्हणतं वादळात भरकटलं, कुणी आणखी काही सांगतं. मला या आखाताकडे पाहून एवढंच कळतं की इथे शिरलेल्या एवढ्या मोठ्या जिवाला ओहोटीने परत जायची वाट ठेवली नसणार. सयाजीराव महाराजांनी १८९४ साली उभ्या केलेल्या या म्युझियममध्ये इजिप्तची ममी आहे, युरोपातली चित्रं आहेत, अकोट्याच्या मूर्ती आहेत. पण तो सांगाडा आणि त्या मूर्ती दोन्ही एकाच समुद्राने आपल्याकडे दिल्या, हे शाळेच्या सहलीत कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं.

आणखी मागे गेलं की हा समुद्रच नाहीसा होतो. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा एकशेवीसेक मीटर खाली होती. खंभातचं आखात तेव्हा कोरडी जमीन होतं. नर्मदा, तापी, माही, साबरमती तिच्यावरून वाहत खूप पुढे जाऊन समुद्राला मिळत. मग बर्फ वितळलं, पाणी चढत आलं आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी ते साधारण आजच्या ठिकाणी येऊन ठेपलं. त्याच्याही फार पूर्वीची साक्ष घोघ्याजवळच्या पिरम बेटावर आहे. १८३६ मध्ये तिथल्या खडकांत हाडं सापडली, आणि पुढे १८४५ मध्ये फॉकनर या जीवाश्मतज्ज्ञाने त्यातल्या एका प्रचंड प्राण्याला ब्रह्माथेरियम असं नाव दिलं. जिराफाच्या कुळातला, डोक्यावर भली मोठी शिंगं असलेला हा प्राणी लक्षावधी वर्षांपूर्वीच्या मायोसीन काळात इथल्या नदीकाठी चरत होता. आज ओहोटीला त्या बेटाच्या भोवती दगड उघडे पडतात.

२००१ मध्ये आखाताच्या तळाशी शहर सापडल्याची मोठी बातमी आली होती. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या ध्वनिलहरींच्या चित्रांत चौकोनी आकार दिसले होते, आणि तळ खरवडून वर काढलेल्या लाकडाच्या एका तुकड्याचं वय साडेनऊ हजार वर्षं निघालं होतं. तेव्हा आमच्याकडे कट्ट्याकट्ट्यावर हीच चर्चा होती, बुडालेल्या द्वारकेपर्यंत विषय जाई. मला ते शहर पटलेलं नाही. खणून थरांमधून काढलेली वस्तू वेगळी आणि इतक्या जोरकस प्रवाहाच्या तळातून खरवडून काढलेली वस्तू वेगळी. ही भरती लाकडाचा तुकडा कुठून कुठे नेऊन टाकेल याचा नेम नाही. लाकूड जुनं असणं म्हणजे शहर जुनं असणं नव्हे. शिवाय, जमिनीवर जे खात्रीने सापडलं आहे ते इतकं विलक्षण आहे की पाण्याखालच्या शहराची गरजच वाटत नाही.

म्हणजे लोथल, सिंधू संस्कृतीचं गाव. १९५५ ते १९६२ या काळात पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांनी तिथे उत्खनन केलं. पक्क्या विटांचा, सुमारे २१८ मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद असा हौद निघाला. राव म्हणाले ही गोदी. काही अभ्यासक म्हणाले, हा पाण्याचा तलाव. वाद अजून संपलेला नाही, पण साबरमतीचं एक जुनं पात्र लोथलजवळून जात होतं हे उपग्रहाच्या चित्रांवरून आता दिसतं आहे, आणि माझा कौल गोदीच्या बाजूने आहे. आज तिथून समुद्र वीसेक किलोमीटर लांब गेला आहे. तिथे इराणच्या आखाताकडची एक गोल मुद्रा सापडली. आणि उलट्या बाजूने, आजच्या इराकमध्ये उर इथल्या राजघराण्याच्या थडग्यांत लाल अकीकाचे लांब मणी सापडले. अक्कडचा राजा सारगॉन मेलुहाची जहाजं आपल्या धक्क्याला लागतात म्हणून अभिमानाने सांगतो, आणि बहुतेक अभ्यासक मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश मानतात.

ते मणी कसे होत असतील हे बघायला काळात मागे जावं लागत नाही, खंभातला गेलं की पुरे. दगड येतो राजपिपळ्याच्या टेकड्यांकडच्या रतनपूरहून, बावा गोर या सिद्दी पिराच्या दर्ग्याच्या परिसरातून. बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेले हे गोटे, नद्यांनी झिजवून गाळात पुरून ठेवलेले. खाणीतून निघतात तेव्हा ते मातकट पिवळे असतात. आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यांत घालून भाजतात. दगडातल्या लोहाचा रंग तापून बदलतो आणि पिवळ्याचा लाल होतो. मग कारागीर जमिनीत तिरप्या रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकावर दगड टेकवतो आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलकेच ठोकतो. टवका उडतो तो खालून, सळईच्या टोकाशी. वरून मारायचं आणि खालून फोडायचं. एका ठोक्याने मणी साधतो, दुसऱ्याने फुटतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागातल्या लोकांनी या कारागिरांशेजारी बसून हडप्पाच्या मण्यांचं तंत्र समजून घेतलं. या कामातली दगडाची धूळ मात्र फुप्फुसांत बसते. सिलिकोसिसने खंभातची किती घरं पोखरली आहेत हे तिथल्या कोणत्याही गल्लीत कळतं. चार हजार वर्षांच्या परंपरेचं कौतुक करताना ही धूळ विसरणं मला जमत नाही.

बडोदा संस्थानाने समुद्राकडे पाठ फिरवली होती असंही नाही. कच्छच्या आखाताच्या तोंडाशी, द्वारकेकडचं ओखामंडळ गायकवाडांचं होतं. सयाजीरावांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या मत्स्यतज्ज्ञाला बोलावून तिथल्या सागरी जिवांची पाहणी करवली आणि १९०९ मध्ये तिचा अहवाल छापला. कच्छच्या आखातात पाणी नितळ, तिथे पोवळ्याचे खडक वाढतात. खंभातच्या गाळात सूर्यप्रकाश खाली पोहोचतच नाही, त्यामुळे पोवळं नाही. इथली श्रीमंती वेगळी. नद्या गोडं पाणी आणि माती आणतात, भरती ती ढवळते, आणि त्या ढवळण्यातून कोलंबी, बोंबील, निवटी, खेकडे, आणि या सगळ्यांवर जगणारे पक्षी. चिखलात पाय रोवून उभी राहतात ती तिवरं. चिखलातून बोटाएवढी श्वासमुळं वर काढून हवा घेणारी ही झाडं लाटेचा जोर कमी करतात, पिलं सांभाळतात. गुजरातचं तिवराचं क्षेत्र १९९१ साली ३९७ चौरस किलोमीटर होतं, २०२१ च्या वन अहवालात ते ११७५ झालं. त्यातला मोठा वाटा कच्छचा असला तरी जंबुसरच्या किनाऱ्यावरही गावकऱ्यांनी गुडघाभर चिखलात उतरून रोपं लावली आहेत. मनापासून आनंद व्हावा अशा फार थोड्या सरकारी आकड्यांपैकी हा एक.

पण तिवराला आणि माशाला नुसती भरती पुरत नाही, नदीही लागते. इथेच माझा जीव अडकतो. आपल्या बडोद्याभोवतालच्या कारखान्यांचं सांडपाणी सुमारे पंचावन्न किलोमीटर लांबीच्या कालव्याने जंबुसर तालुक्यात सारोदजवळ आखातात सोडलं जातं. १९८३ पासून हा कालवा चालू आहे. म्हणजे आपण समुद्राला आठवणीने जे पाठवतो ते हे. आणि गोडं पाणी मात्र पाठवायचं नाही, असा चारी बाजूंनी निश्चय झालेला. माहीवर वणाकबोरी आणि कडाणा, नर्मदेवर सरदार सरोवर. त्या धरणाने लाखो घरांत नळाचं पाणी आलं, ते आपणही पितो, आणि त्याची किंमत मला कळते. पण नर्मदेचा प्रवाह आटला तेव्हा उन्हाळ्यात खारं पाणी भरूचच्या वर चढायला लागलं. हिलसा ही मासळी समुद्रात राहते आणि पावसाळ्यात अंडी घालायला नदीत चढते. समुद्रात पोहोचलेल्या पुराच्या पाण्यावरून तिला वाट कळते. ते पाणीच पोहोचत नाही तेव्हा ती कशासाठी येईल? भरूचच्या मच्छीमारांची हिलसाची पकड घसरत गेली, आणि आता खारं पाणी अडवायला भाडभूतला नदीच्या तोंडाशीच बंधारा होतो आहे. मच्छीमार त्याला विरोध करत आले आहेत. एका धरणाच्या दुखण्यावर दुसऱ्या बांधाचं औषध, हे मला पटत नाही.

याहून मोठं स्वप्न कल्पसरचं. अख्ख्या आखातावर तीसेक किलोमीटरचा बांध घालायचा, आतला समुद्र हळूहळू गोड्या पाण्याचं सरोवर करायचा आणि मूळ कल्पनेप्रमाणे भरतीपासून वीजही काढायची. १९८० च्या दशकापासून ही कल्पना मांडली ती आपल्याच विद्यापीठाचे पुढे कुलगुरू झालेले डॉ. अनिल काणे यांनी. सौराष्ट्राची तहान त्यांना दिसत होती, आणि त्या तळमळीबद्दल माझ्या मनात आदर आहे. तरी मी या बांधाच्या विरोधात आहे. या आखाताने गेल्या चार हजार वर्षांत आपल्याला जे जे दिलं, बंदरं, मासे, तिवरं, ते नदी आणि भरती यांच्या झटापटीतून दिलं. बांध झाला तर दोघी एकमेकींना भेटणार नाहीत. त्यानंतर उरेल तो एक प्रचंड तलाव, आणि नद्यांनी आणलेला सगळा गाळ त्याच्या पोटात साचेल. खंभात आणि गंधारला गाळाने काय केलं, ते आपण बघितलंच आहे.

नदीचं पाणी समुद्राला मिळालं की वाया गेलं, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरापासून मंत्र्यापर्यंत सगळे धरून चालतात. मीही असंच ऐकत मोठा झालो. आता माझी मागणी एवढीच आहे: माही, नर्मदा, साबरमती, ढाढर यांचं किती पाणी कोणत्या महिन्यात आखातापर्यंत गेलंच पाहिजे हे आधी ठरवावं, मच्छीमारांना समोर बसवून ठरवावं, आणि मग उरलेल्याची वाटणी करावी. पावसाळ्यात आपण रोज सकाळी पेपरात आजव्याची पातळी बघतो, काळा घोड्याजवळ विश्वामित्री किती फुटांवर आहे ते बघतो. त्याच चौकटीत आणखी एक ओळ छापायला काय हरकत आहे? काल किती पाणी समुद्राला पोहोचलं, एवढीच.